धनादेशाच्या नोटिशीतील इंग्रजी वाक्यांत चूक नेमकी कोठे आहे?

प्रश्न (कनिष्ठ वकील, सोलापूर)

नमस्कार. येथील जिल्हा न्यायालयात मी दोन वर्षांपासून एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करतो. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल उत्पादकाला हैदराबादच्या व्यापाऱ्याने दिलेला धनादेश वटला नाही, म्हणून निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 खालील नोटीस पाठवायची आहे. समोरच्याला मराठी येत नसल्याने मसुदा इंग्रजीत केला. त्यातील दोन वाक्ये अशी: 'हॅविंग प्रेझेंटेड द चेक, द बँक रिटर्न्ड इट अनपेड. माय क्लायंट डिमांड्स फॉर द आउटस्टँडिंग ड्यूज विदिन फिफ्टीन डेज ऑफ धिस नोटीस.' सरांनी 'हॅविंग', 'फॉर', 'ड्यूज' आणि शेवटचा 'ऑफ' या शब्दांभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल केले, "सुधारून ठेव" एवढेच म्हणाले आणि बार्शीच्या तारखेला निघून गेले. 'हॅविंग'मध्ये काय बिघडले, हे मला अजूनही कळलेले नाही.

उत्तर 1

ती चूक मराठीतून आलेली आहे. 'धनादेश बँकेत भरला असता बँकेने तो परत केला' हे आपले वाक्य निर्दोष आहे, कारण 'असता' लावल्यावर भरणारा एक आणि परत करणारा दुसरा असला तरी मराठी कुरकुर करत नाही. इंग्रजीत मात्र 'हॅविंग प्रेझेंटेड'चा कर्ता पुढील वाक्याचाच कर्ता मानला जातो. तुमच्या वाक्यात धनादेश बँकेनेच सादर केला आणि बँकेनेच परत केला! धनादेशालाच कर्ता करा: 'द चेक, व्हेन प्रेझेंटेड फॉर पेमेंट, वॉज रिटर्न्ड अनपेड', आणि पुढे बँकेच्या मेमोवर (धनादेश परत करताना बँक देते त्या चिठ्ठीवर) छापलेले कारण जसेच्या तसे द्या. 'बाउन्स्ड' लिहू नका. वकिलांच्या बार रूममध्ये आपण सगळेच तसे म्हणतो, परंतु कलमाच्या शीर्षकात 'डिसऑनर' आणि मजकुरात 'रिटर्न्ड बाय द बँक अनपेड' असे शब्द आहेत.

'फॉर'चेही मूळ तेच. आपण रकमेची मागणी करतो, म्हणून 'ची'च्या जागी 'फॉर' येऊन बसतो. 'डिमांड' नाम असेल तर 'फॉर' चालतो, क्रियापद असेल तर नाही.

उत्तर 2

उरलेले दोन गोल व्याकरणाचे नाहीत, प्रकरणाच्या मुळाशी जाणारे आहेत. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, 1881 च्या या कलमात पैसे देण्याचे 15 दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात. 'ऑफ धिस नोटीस' वाचून ते नोटिशीच्या तारखेपासून धरले जातील, आणि टपालात चार दिवस गेले तर समोरच्याच्या हाती अकराच उरतील. 'ऑफ द रिसीट ऑफ धिस नोटीस' असे लिहावे. 'ड्यूज' तर त्याहून धोक्याचा. व्यापारी खात्यात इतर बिलेही बाकी असू शकतात, कायद्याला मात्र धनादेशाच्या रकमेची मागणी हवी असते. मोघम बाकी मागितली, तर नोटीस सदोष असल्याचा बचाव समोरच्या वकिलाला आयताच मिळतो. रक्कम अंकी व अक्षरी लिहा. व्याज किंवा नोटिशीचा खर्च मागायचा असल्यास तो वेगळ्या वाक्यात घ्या.

मेमोची तारीखही एकदा पाहून घ्या. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते. 2002 च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत 15 दिवसांची होती.

उत्तर 3 (निवृत्त लघुलेखक)

'द चेक' म्हणजे कोणता? नुसते 'द चेक' खोडून 'द सेड चेक' केले तरी भागत नाही, आपल्या 'सदरहू'सारखे ते केवळ भारदस्त दिसते. क्रमांक, तारीख आणि बँकेची शाखा लिहावी.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. क्रमांक लिहिण्यासाठी फाईल उघडली, तर धनादेश दोन निघाले. मेमोही दोन आहेत, आणि पहिल्यावर 24 दिवस उलटले आहेत. मसुदा आज रात्रीच नव्याने करतो.