माझ्या नेटवर्कवर हा प्रिंटर कुणाचा?

तारेवरची_कसरत
मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही, मधली भिंत जाडजूड आहे. म्हणून दोन महिन्यांपूर्वी पॉवरलाइन अडॅप्टर घेतले. एक राउटरजवळ, एक मागे, नेट थेट विजेच्या वायरिंगमधून. सॉकेटमध्ये खोचले, हिरवे दिवे लागले, पासवर्ड वगैरे काही विचारलं नाही. तेव्हा त्याचंच कौतुक वाटलं होतं.

परवा पीडीएफ करायला प्रिंट दाबलं तर यादीत एक प्रिंटर! माझ्याकडे प्रिंटरच नाही. काहीतरी गोंधळ असेल म्हणून टेस्ट पेज सोडलं, तर 'प्रिंट झालं' म्हणे. म्हणजे कुठेतरी खराखुरा कागद बाहेर पडला की हो. वाय-फायचा २२ अक्षरी पासवर्ड लगेच बदलला, तरी प्रिंटर जागेवरच. कुणी घुसलंय का? जाणकारांनी सांगावं.

पॅकेटचोर
लॅन टॅप घ्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या (लॅनच्या) केबलमधली ये-जा ऐकणारं छोटं यंत्र. 'थ्रोइंग स्टार' नावाचा चार पोर्टांचा मिळतो. केबलच्या मधोमध बसवायचा, वीज लागत नाही. जाणारी आणि येणारी पॅकेट्स (डेटाचे तुकडे) दोन वेगळ्या पोर्टांवर ऐकू येतात. ती वाचून दाखवणारं वायरशार्क सॉफ्टवेअर लावून बसा. फक्त गिगाबिटची लिंक १०० मेगाबिटवर उतरते.

जुना_हब
टॅप माझ्याही ड्रॉवरमध्ये आहे, खेळणं झकास. पण इथे म्हणजे डास मारायला तोफ. मागच्या खोलीतला लॅपटॉप केबलने जोडा, `आयपीकॉन्फिग` ही कमांड मारा आणि 'डिफॉल्ट गेटवे' बघा, म्हणजे लॅपटॉप ज्या राउटरमधून नेटवर जातो त्याचा पत्ता. तुमच्याच राउटरचा आहे का?

तारेवरची_कसरत
माझा राउटर १९२.१६८.१.१. मागच्या खोलीत १९२.१६८.०.१ आला!! केबल काढून परत लावली तर १.१. आता खरंच घाबरलो.

जुना_हब
घाबरू नका, कुणी घुसलेलं नाही. तुम्ही आणि शेजारी नकळत एकाच नेटवर्कवर आहात.

हे अडॅप्टर वायरीत २ ते २८ मेगाहर्ट्झचा सिग्नल सोडतात. तो मीटरपाशी थांबेलच असं नाही, शेजारच्या वायरिंगमध्येही झिरपतो. वरचं एन्क्रिप्शन १२८ बिटी एईएस, म्हणजे कुलूप दणकट. पण होमप्लग एव्हीचा (अशा अडॅप्टरांचं हे एक मानक) नेटवर्क पासवर्ड कारखान्यातून 'होमप्लगएव्ही' असाच ठरलेला असतो. शेजाऱ्यांनीही डबा उघडून नुसते खोचले असणार. एकच किल्ली, मग दोन घरांचं मिळून एकच लॅन. त्यात डीएचसीपी देणारे, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणारे राउटर दोन, ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता मिळतो. वाय-फायचा पासवर्ड या वाटेत कुठे येतच नाही.

उपाय: एका अडॅप्टरवरचं पेअरिंगचं बटण दाबून धरा. बऱ्याच मॉडेलांत दहाएक सेकंदांनी दिवे विझून परत लागतात, म्हणजे नवीन किल्ली तयार. मग त्यावर बटण एकदा थोडं दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्यावरही दाबा. आणि हो, सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीत लावू नका, सिग्नल तिथेच गिळला जातो.

पॅकेटचोर
मान्य, माझी तोफ मागे घेतो. पण शेजाऱ्यांनाही सांगा. तुम्ही बाहेर पडलात तरी त्यांचा पासवर्ड तोच, तिसरा कुणी अडॅप्टर लावला की तो आत.

तारेवरची_कसरत
झालं! प्रिंटर गायब, गेटवे दहा वेळा तपासला, दहाही वेळा १.१. मग घरात आरडाओरडा, टीव्हीवर नेट नाही. टीव्हीमागे तिसरा अडॅप्टर आहे हे साफ विसरलो होतो. कॅबिनेट ओढून त्याचंही बटण दाबलं.

शेजारच्या काकांकडे जाऊन आलो. माझं टेस्ट पेज त्यांनी जपून ठेवलंय. प्रिंटर बिघडला समजून त्यांनी शाईसुद्धा बदलली होती.

जुना_हब
आता त्यांचं बटण तुम्हीच दाबून या.