गोळी बंद करण्याआधी डायलिसिसचा मुद्दा बघा
क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलं की कोलेस्टेरॉलची गोळी आधी थांबवावी, असं काहीजण म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. किडनीच्या अनेक रुग्णांचा जीव डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने जातो. २०११ मध्ये निष्कर्ष आलेल्या 'शार्प' चाचणीत नऊ हजारांवर किडनीरुग्ण होते. सिम्व्हास्टॅटिन २० मिग्रॅ आणि इझेटिमिब १० मिग्रॅ ही कोलेस्टेरॉल कमी करणारी दोन औषधं एकत्र दिल्यावर हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले. किडनीची घसरण मात्र त्याने थांबली नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

डायलिसिसने पडणारा फरक मात्र सहसा कुणी मांडत नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर स्टॅटिन (सिम्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, अटोर्व्हास्टॅटिन अशा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) नव्याने दिलं तर 'फोर-डी' आणि 'ऑरोरा' या दोन्ही चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. आधीपासून चालू असेल तर सहसा चालूच ठेवतात. आणि डोस! वडिलांच्या चिठ्ठीवर हृदयाच्या डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन २० मिग्रॅ लिहिलं होतं. किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ते खोडलं आणि अटोर्व्हास्टॅटिन दिलं. किडनी फारच मंदावली असेल तर रोसुव्हास्टॅटिन ५ मिग्रॅपासून सुरू करून १० च्या वर नेत नाहीत. अटोर्व्हास्टॅटिनला किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही. दोन डॉक्टर असतील तर दोघांनाही सगळ्या गोळ्या दाखवा, प्लीज.