बघताना जास्त रंगता की खेळताना? अनुभव लिहा

सिनेमा, नाटक, पुस्तक म्हणजे निष्क्रिय करमणूक आणि गेम म्हणजे सक्रिय, ही वाटणी मला पुरती पटत नाही. तुमचं भान खरोखर कधी हरपलं, तेव्हा तुम्ही नुसते बघत होता की काही करत होता? सविस्तर लिहा.

*

मी गेम खेळते. सिनेमात एखादं पात्र मेलं की वाईट वाटतं. गेममध्ये माझ्या निर्णयामुळे सोबती मेला तेव्हा अपराधी वाटलं. पुढे कित्येक दिवस तो गेम उघडवेना. पण नुसते गुण जमवायचे असले की हात चालतात आणि मन भलतीकडे असतं. त्यापेक्षा गप्प बसून नाटक बघणारा माझ्या मते कितीतरी सक्रिय.

*

रेडिओवरचं नाटक, दिवा बंद करून. दार करकरतं, ते दार कसलं हे मी ठरवते.

*

निवड दिली की प्रेक्षक जास्त गुंततो, हे मला मान्य नाही. १९६७ साली माँट्रियलच्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियानं ‘किनोऑटोमॅट’ हा सिनेमा दाखवला. प्रेक्षक बटणं दाबून पुढचा प्रसंग बहुमतानं ठरवायचे, पण कुठूनही गेलं तरी कथा त्याच शेवटाला पोचायची. तशाच धर्तीचा पर्यायांचा सिनेमा मी पाहिला. पर्याय समोर आले आणि निवडायची वेळ मोजली जाऊ लागली की मी कथेबाहेर. पात्राचं काय होईल ही काळजीच उरली नाही, दुसरं निवडलं असतं तर काय दिसलं असतं एवढंच डोक्यात.

*

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांनी रुजवलेल्या ‘फोरम थिएटर’मध्ये मी भाग घेतला आहे. अन्यायाचा प्रसंग आधी पूर्ण करून दाखवतात. मग तोच पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांतलं कोणीही ‘थांबा’ म्हणून पीडिताची जागा घेऊ शकतं. खाली बसले होते तोवर ‘ही उलट का बोलत नाही?’ म्हणून चिडत होते. वर गेले, साहेब झालेल्या नटानं आवाज चढवला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. सगळं लटकं आहे हे ठाऊक असून! खाली राग होता, वर भीती. दोन्ही खऱ्या होत्या.

*

फोरम थिएटरवाल्या ताई, खाली बसून तो राग आला नसता तर तुम्ही वर गेला असता का? मी पक्का सिनेमावाला. २००४ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी एकच सिनेमा बघणाऱ्या वेगवेगळ्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन तपासले, तेव्हा मेंदूच्या बऱ्याच भागांतली हालचाल सगळ्यांत एकसारखी वरखाली होताना दिसली. नुसतं बघणं इतकं आतपर्यंत पोचतं, मग त्याला निष्क्रिय कसं म्हणायचं? थिएटरात श्वास रोखून पाहिलेला एक रहस्यपट मी नंतर घरी लावला. मध्येच थांबवायची सोय हाताशी होती, म्हणून थांबवत राहिलो, आणि तो अर्ध्यातच सोडला.