मागच्या पिढीतील सी ४३ घ्यावी की नव्या पिढीतील सी ३००?

विचारणा: दूरचा प्रवासी

नमस्कार. मर्सिडीज-बेंझची सी-क्लास घ्यायची हे ठरले आहे. कोणत्या पिढीची घ्यायची, ते मात्र ठरत नाही. एका विक्रेत्याकडे मागच्या, म्हणजे डब्ल्यू २०५ पिढीतील एएमजी (मर्सिडीजचा वेगवान गाड्यांचा विभाग) सी ४३ सेदान शिल्लक आहे. ती कोणी वापरलेली नाही, तिची नोंदणीही झालेली नाही; परंतु कारखान्यातून बाहेर पडून तिला वर्षाहून अधिक काळ झाल्यामुळे विक्रेता मोठी सूट देत आहे, आणि ती सूट धरली की तिची किंमत नव्या डब्ल्यू २०६ पिढीतील, मला हव्या त्या सोयी घेतलेल्या सी ३०० इतकीच होते.

कागदावर पाहिले तर जुनी गाडी सरळ सरस दिसते. तिचे २,९९६ सीसीचे दोन टर्बो असलेले व्ही-६ (सहा सिलिंडरचे) इंजिन ३९० पीएस (म्हणजे अश्वशक्ती) आणि ५२० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, आणि ती ४.७ सेकंदांत शंभराचा वेग गाठते. नव्या सी ३०० मध्ये १,९९९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे. त्यातून २५८ पीएस आणि ४०० न्यूटन-मीटर मिळतात आणि शंभरासाठी साधारण सहा सेकंद लागतात. दुसरीकडे, नव्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २५ मिलिमीटरने आणि एकूण लांबी ६५ मिलिमीटरने जास्त आहे, आतली मांडणी पूर्ण नवी आहे आणि चालकाला साहाय्य करणाऱ्या प्रणाली एका पिढीने पुढच्या आहेत.

माझे रोजचे जाणे-येणे शहरातल्या गर्दीतून चाळीस मिनिटांचे आहे. महिन्यातून दोन-तीनदा महामार्गावर लांबचा प्रवास होतो आणि तेव्हा मागच्या आसनावर वडील असतात; त्यांचे गुडघे दुखतात. गाडी सात-आठ वर्षे ठेवण्याचा विचार आहे. सहा सिलिंडरची गाडी घेण्याची इच्छा फार जुनी आहे, म्हणून स्वतःच्या मतावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही. जे १३२ पीएस मी क्वचितच वापरणार आहे, त्यांच्यासाठी मागच्या पिढीतील गाडी घेणे शहाणपणाचे ठरेल का?

उत्तर: क्रँकशाफ्ट

आपण प्रश्न १३२ पीएसचा केला आहे, पण माझ्या मते तो दोन सिलिंडरांचा आहे. सपाट रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरचा वेग कायम राखायला अशा सेदानला वीस पीएसच्या आसपासच शक्ती पुरते. दोन्ही गाड्यांचा कमाल वेगही २५० वरच मर्यादित केलेला आहे. त्यामुळे शक्तीतला फरक आपल्याला वेग वाढवतानाच्या मोजक्या क्षणी जाणवेल. इंजिनाच्या चालीतला फरक मात्र गाडी सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत सोबत राहील.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच प्रज्वलित होतो. चार सिलिंडर असले की दर १८० अंशांनी एक धक्का मिळतो, सहा असले की दर १२० अंशांनी. मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर पहिल्यात सेकंदाला ५० आणि दुसऱ्यात ७५ धक्के होतात. धक्के जितके जवळजवळ, तितका प्रवाह अखंड वाटतो. शिवाय एका रांगेतल्या चार सिलिंडरांत पिस्टनांचे वर-खाली होणे परस्परांचा परिणाम पूर्णपणे नाहीसा करत नाही. फेऱ्यांच्या दुप्पट गतीचे एक कंपन शिल्लक राहते आणि ते शमवण्यासाठी अनेक दोन लिटर इंजिनांत परस्परांच्या उलट दिशेने फिरणारे दोन संतुलन-शाफ्ट बसवावे लागतात. व्ही-६ हीसुद्धा निर्दोष रचना नव्हे, तो मान रांगेतल्या सहा सिलिंडरांचा; पण ऐकायला आणि पायाखाली ती चारपेक्षा निश्चितच श्रीमंत वाटते.

आता नव्या गाडीची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. सी ३०० मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ४८ व्होल्टचा स्टार्टर-जनरेटर आहे, जो थोडा वेळ १५ किलोवॉट आणि २०० न्यूटन-मीटरपर्यंत जोड देतो. टर्बो दाब तयार करेपर्यंतची पोकळी त्याने भरून निघते आणि सिग्नलला बंद झालेले इंजिन जवळजवळ कळू न देता पुन्हा सुरू होते. सी ४३ मध्ये ही व्यवस्था नाही. रोजची चाळीस मिनिटे गर्दीत काढणाऱ्याने हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

उत्तर: सावकाश चला

वडिलांचा उल्लेख आपण एका वाक्यात केलात, मला मात्र तोच या विचारणेचा गाभा वाटतो. माझ्याकडे सहा वर्षे एक शक्तिशाली सेदान होती. कोणत्या कंपनीची, ते येथे महत्त्वाचे नाही. चालकाच्या आसनावर बसून मी तिच्यावर मनापासून प्रेम केले. माझी आई मात्र तिसऱ्या वर्षापासून लांबच्या प्रवासाला काही ना काही कारण सांगून येण्याचे टाळू लागली आणि त्याचे खरे कारण कडक सस्पेन्शन व कमी उंचीच्या भिंतीचे टायर हे आहे, हे मला फार उशिरा कळले. त्या वर्षांची हळहळ अजून वाटते.

मात्र नवी गाडी म्हणजे आपोआप आरामदायी, असेही समजू नये. मागच्या पिढीच्या काही सी-क्लासमध्ये हवेवर चालणारे सस्पेन्शन पर्याय म्हणून मिळत असे. डब्ल्यू २०६ मध्ये तो पर्यायच नाही. सी ४३ मध्येही स्प्रिंग पोलादी आहेत, फक्त डॅम्परचा (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या भागाचा) कडकपणा बदलता येतो. म्हणजे सी ३०० खाली उतरवलेल्या स्पोर्ट सस्पेन्शनसह आणि १९ इंची चाकांवर घेतलीत, तर जुन्या गाडीला सोडून मिळवायचे तेच आपण हरवून बसाल. साधे सस्पेन्शन आणि एक-दोन इंचांनी लहान चाके असलेली गाडी चालवून पाहा. दिसायला ती थोडी साधी वाटेल, पण खड्डा आला की तिची किंमत कळेल.

विक्रेता नेमून देतो तो गुळगुळीत रस्ता घेऊ नका. आपला नेहमीचा, त्यातही खराब तुकडा असलेला मार्ग निवडा, दोन्ही गाड्या एकाच दिवशी त्याच मार्गावर न्या, वडिलांना मागे बसवा आणि परतीच्या वेळी स्वतः मागे बसा. गाडीत शिरताना व उतरताना त्यांचा गुडघा किती वाकतो, तेही पाहा. लांबीचे मिलिमीटर यातले काही सांगत नाहीत.

उत्तर: सहावा सिलिंडर

वरच्या दोघांविषयी आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. डब्ल्यू २०६ पिढी २०२१ मध्ये आली तीच केवळ चार सिलिंडरांची इंजिने घेऊन. त्यानंतर आलेल्या नव्या सी ४३ मध्ये दोन लिटरचे इंजिन आहे, आणि ज्या सी ६३ मध्ये पूर्वी चार लिटरचे व्ही-८ होते, तिच्यातही या पिढीत दोन लिटरचे इंजिन आणि विद्युत मोटर यांची जोडी आहे. पुढे कधीतरी सहा सिलिंडरची घेऊ, असे म्हणून आपण थांबलात, तर ही संधी पुन्हा अशा रूपात समोर येईलच असे नाही.

दुसरे असे की, गाडीतले पडदे लवकर जुने होतात. नव्या गाडीतला ११.९ इंचांचा उभा पडदा आज देखणा वाटतो आणि वातानुकूलनाचे नियंत्रणही त्यावरच आहे. जुन्या गाडीत त्यासाठी खरी बटणे आहेत, जी रस्त्यावरची नजर न हटवता बोटांना सापडतात. आठ वर्षांनी यातले काय अधिक सुखाचे वाटेल, याचा विचार करा. शिवाय दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर मालवाहू वाहन ओलांडताना हाताशी असलेली शक्ती हा मला तरी सुरक्षिततेचाच भाग वाटतो. ती दरवेळी वापरली जात नाही म्हणून निरुपयोगी ठरत नाही.

उत्तर: नोंदवही

निर्णय कोणताही होवो, वर्षभर उभ्या असलेल्या गाडीची तपासणी निराळी असते, म्हणून एवढेच लिहितो. टायरच्या भिंतीवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. चारही टायर पाहा, कारण एका जागी फार काळ उभे राहून त्यांना सपाटपणा येऊ शकतो आणि मग ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते. या गाडीत पुढचे व मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असतात, त्यामुळे झीज सारखी करण्यासाठी त्यांची पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही. पुढच्या खर्चात ते धरा. बॅटरी पूर्ण उतरली होती का, ते विचारा आणि शक्यतो नवी बसवून घ्या. ब्रेक ऑइल वेळेनुसार बदलायचे असते, किलोमीटर न झाल्यामुळे ते टिकत नाही. वॉरंटी कोणत्या तारखेपासून मोजली जाईल, हे तोंडी न ठेवता लेखी घ्या. आपल्याकडच्या उत्सर्जन नियमांनुसार त्या गाडीची नोंदणी अजून होऊ शकते ना, याची खात्री पैसे देण्याआधी करा. विकताना मात्र तिचे वय निर्मितीच्या वर्षावरून धरले जाण्याचीच शक्यता जास्त. आठ वर्षे ठेवणार असाल तर हा तोटा बराच सौम्य होतो.

पुन्हा: दूरचा प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे काल एकाच मार्गावर दोन नव्हे, तीन गाड्या चालवल्या: सी ४३, १९ इंची चाकांची स्पोर्ट सस्पेन्शन असलेली सी ३००, आणि १८ इंची चाकांची साधी सी ३००.

सी ४३ चे इंजिन मी कल्पिले होते त्याहून सुंदर आहे. घाटाच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, फेऱ्या वाढत जाताना जो अखंड ओघ जाणवला, तो सी ३०० मध्ये नाही. जोर लावला की तिचा आवाज कोरडा वाटतो. क्रँकशाफ्ट यांनी केलेला भेद तंतोतंत खरा आहे. परंतु रस्ता उखडलेल्या दोन किलोमीटरांत वडिलांनी दरवाज्यावरची मूठ धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही, आणि स्पोर्ट सस्पेन्शनच्या सी ३०० मध्येही तेच घडले. तिसऱ्या गाडीत त्याच तुकड्यावर ते माझ्याशी बोलत होते. परतीच्या वेळी मी स्वतः मागे बसलो तेव्हा आणखी काही विचारण्याची गरज उरली नाही.

साधे सस्पेन्शन आणि १८ इंची चाके असलेली सी ३०० आज नोंदवली. सहावा सिलिंडर यांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही, आणि ती सी ४३ ज्यांच्या घरी जाईल त्यांनी तिला घाटात जरूर न्यावे, असे फार वाटते. तिच्या टायरवरच्या तारखा मी टिपून घेतल्या आहेत. येथे कोणी त्या गाडीचा विचार करत असेल, तर कळवीन.