फायटर मासा तळाशी पडून आहे, काही खात नाही. लवकर सांगा

उंबरठा (बुधवार, रात्री ९:४०)
निळा फायटर आहे. कालपासून तळाशी पडून आहे, जवळजवळ कुशीवर. मध्येच उसळून वर जातो, तोंड बाहेर काढतो आणि परत खाली येऊन पडतो. दाणे टाकले तर बघतही नाही. रंग उडालाय, पर मिटून घेतलेत. कुठलं औषध द्यायचं ते सांगा, लगेच आणायची तयारी आहे. रविवारच्या आत बरा व्हायला हवा. कृपया लिंका देऊ नका, वाचायला वेळ नाही. फक्त नाव सांगा.

जलपर्णी
टाकी किती लिटरची? पाण्याचं तापमान किती? फिल्टर आहे का? पाणी शेवटचं कधी बदललं, किती बदललं, त्यात काय घातलं? पोट फुगलंय का? वरून पाहिल्यावर खवले उभे दिसतात का? अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके? एवढं कळल्याशिवाय औषधाचं नाव कसं सांगणार?

दर्यावर्दी
मीठ. चार लिटरला चहाचा एक सपाट चमचा, वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू घाला. माझ्या तीन फायटरांपैकी दोन मिठाने उठले.

रिकामटेकडा
आणि तिसरा?

दर्यावर्दी
त्याचं वय झालं होतं.

सोनेरी_शेपूट
माझ्या गोल्डफिशला असंच झालं होतं. दाणे पाण्यात भिजवून द्यायला लागल्यापासून उलटं तरंगणं बंद झालं. भिजवून बघा ताई.

उंबरठा
तो तरंगत नाहीये, पडलाय. आणि खातच नाही तर भिजवून काय करू? टाकी असेल पंधरा-वीस लिटर. फिल्टर आहे, हीटर आहे, सगळं आहे. पाणी अगदी स्वच्छ आहे, परवाच पूर्ण बदललंय. म्हणजे पाण्याचा प्रश्न नाही. औषधाचं नाव सांगा ना कुणीतरी.

जलपर्णी
"परवाच पूर्ण बदललंय" आणि "कालपासून पडून आहे" ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा.
पूर्ण म्हणजे किती पूर्ण? आणि तापमान अजून सांगितलं नाहीत.

पोथीनिष्ठ
धाग्यात अजून कुणी लिहिलं नाही, पण लिहितीलच म्हणून आधीच सांगतो: उच्चार "बेटा" नाही, "बेट्टा" आहे. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स, १९१० मध्ये रीगन यांनी ठेवलेलं. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. फायटर हे नाव झुंजींवरून पडलं, माशाच्या स्वभावाची ती बदनामीच आहे.

रिकामटेकडा
बेटा, मासा मरतोय.

हिरवी_पाने
देशी बदामाचं वाळलेलं पान टाका, एवढ्या टाकीला एक पुरेल. पाणी चहासारखं होईल, होऊ द्या. त्यातलं टॅनिन त्याला मानवतं. पानाखाली लपायलाही मिळतं, आडोसा मिळाला की निम्मा ताण जातो.

दर्यावर्दी
पानाने काही होत नाही. रंगीत पाणी बघून माणसालाच बरं वाटतं. मीठ.

हिरवी_पाने
मीठ गोड्या पाण्यातल्या माशाला रोज कशाला? पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वरून पाणी भरताना तुम्ही दर वेळी आणखी मीठ घालता, मग तिसरा म्हातारा होऊन मेला म्हणता.

दर्यावर्दी
मी रोज म्हटलंच नाही. शब्द तोंडात घालू नका.

उंबरठा (बुधवार, रात्री ११:०५)
तुमचं भांडण नंतर करा. आणि मी ताई नाही, दादा आहे.
पूर्ण म्हणजे पूर्ण. पाणी गढूळ झालं होतं, वास मारत होतं. मासा वाडग्यात काढला, सगळं उपसलं. काच घासली. खड्यांवर उकळतं पाणी ओतलं, जंतू मरावेत म्हणून. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत पिळला. किती घाण निघाली सांगू! मग नळाचं ताजं पाणी भरलं. साबण अजिबात लावला नाही, एवढं मलाही कळतं.

जलपर्णी
जंतू मेले. तेच हवे होते.
ती काळी घाण म्हणजे टाकीचं निम्मं पोट होतं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. स्पंजात आणि खड्यांवर बसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट पाणी बदलताना थोडं थोडं काढता येतं. पहिले दोन मात्र थोडे असले तरी विष. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती एका दुपारीत धुतलीत.
पण अमोनिया इतक्या लवकर चढत नाही, तो पुढच्या दोन-चार दिवसांत त्रास देईल. आज पडलाय तो बहुधा नळाच्या क्लोरीनमुळे, नाहीतर थंडीमुळे. तिसऱ्यांदा विचारते: तापमान?

उंबरठा
हीटर आहे म्हटलं ना.

जलपर्णी
हीटर आहे हे तापमान नाही. काचेला पट्टी चिकटवलेली असेल, तिच्यावरचा आकडा वाचा. आणि हीटरचा दिवा लागलाय का बघा.

नवशिका_०७
मलाही फायटर घ्यायचाय. गोल भांडं चालेल ना? तो डबक्यात राहतो असं वाचलं.

हिरवी_पाने
डबक्यात नाही, भाताच्या खाचरात. पाणी उथळ, पण पसारा केवढा! कोमट, गवताने भरलेलं. तुमचं भांडं उथळही नाही आणि पसरटही नाही. निदान वीस लिटर, झाकण, हीटर, हळू चालणारा स्पंज फिल्टर. झाकण विसरू नका, फायटर उडी मारतो.

उंबरठा (बुधवार, रात्री ११:३०)
पट्टीवर २० आहे. हीटरचं बटण बंद होतं. साफ करताना मीच बंद केलं होतं.

जलपर्णी
त्याला २४ ते २८ अंश लागतात. विसावर तो हलायचाच नाही, आणि पोटात गेलेलं पचायचंही नाही.
हीटर पूर्ण पाण्यात बुडालाय ना, ते आधी बघा. उघडा राहिला तर काच तडकते. मग २६ वर लावून चालू करा. गरम पाणी ओतून घाई करू नका, तासाला एखाद-दोन अंश चढू दे. चालू करण्याआधी पाण्याची पातळीही थोडी उतरवा, हीटर बुडालेला राहील इतकीच. फायटर कल्ल्यांशिवाय वरची हवाही घेतो, डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो. तुम्हाला तो मध्येच उसळताना दिसतो तो श्वासासाठीच. दमलेल्या माशाला ती चढण लहान करून द्या.
टाकीचा दिवा बंद, खाणं बंद. उद्या क्लोरीन काढायचं द्रावण आणा. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते नुसतं पाणी ठेवून उडत नाही.

सोनेरी_शेपूट
आरसा दाखवून बघा, पिसारा फुलवतो. माझ्या मैत्रिणीचा लगेच ताजातवाना होतो.

जलपर्णी
आजारी माशाला आरसा नको. त्याला तिथे दुसरा नर दिसतो.

रिकामटेकडा
रविवारच्या आत का पण? रविवारी काय आहे?

उंबरठा (गुरुवार, सकाळी ७:१५)
मासा माझा नाही. भाचीचा आहे. ती रविवारी परत येते.
तिने टाकीवर चिठ्ठी चिकटवली होती: "मामा, सकाळी दोन दाणे, संध्याकाळी दोन. पाणी बदलायची गरज नाही. काही वाटलं तर फोन कर." दोन दाण्यांनी काय होतं कुणाचं, म्हणून मी चिमूटभर टाकत होतो. खायचाही हावऱ्यासारखा. मग पाणी गढूळ झालं, म्हणून बदललं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.
आत्ता २५ आहे. त्याने एक पर हलवला. डावा. कल्ले अजून जोरात चालतायत.

रिकामटेकडा
तिसऱ्या पानावर कळतंय की मासा भाचीचा आहे.

जलपर्णी
त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं समजा. दोन दाणे म्हणजे त्याला पंगत झाली. आणि हावरेपणावर जाऊ नका, धडधाकट फायटर कधीच नको म्हणत नाही.
चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीच्या कपाटात द्रावण नक्की असेल. टाकीखाली बघा.

उंबरठा
आहे! पिवळी बाटली. मला वाटलं ते त्याचं टॉनिक.

जलपर्णी
बाटलीच्या मागे लिहिलंय त्या मापाने संपूर्ण टाकीसाठी घाला. यापुढे रोज पाव ते तृतीयांश पाणी बदला, तेवढंच, नवं पाणी द्रावण घालून आणि टाकीइतकं कोमट करून. स्पंजाला हात लावायचा नाही. कधी धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा. अमोनिया तपासायचा संच मिळाला तर आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत.

पोथीनिष्ठ
भाचीच्या टाकीत बुडबुड्यांचं घरटं होतं का? नर ते बांधतो. लोक त्याला सुखाची खूण समजतात, पण त्याचा अर्थ नर वयात आलाय एवढाच.

उंबरठा
होतं काहीतरी फेसासारखं कोपऱ्यात. तो साबणाचा फेस वाटून मी पुसला.

हिरवी_पाने
दादा, तुम्ही त्याचं घरही पुसलंत.

दर्यावर्दी
इथे मात्र मीठ खरंच उपयोगी आहे. नायट्राइट चढलं तर मिठातलं क्लोराइड ते कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. हसा आता.

जलपर्णी
हे बरोबर आहे. पण नायट्राइट दिसल्यावर, आणि तात्पुरतं. आज नको.

दर्यावर्दी
स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

उंबरठा (शुक्रवार, रात्री ८:५०)
संच आणला. रंग हिरवट आला, सोबतच्या रंगांच्या पत्रिकेवर ०.५ अमोनिया. पाव टाकी बदलली, बादलीत पट्टी घालून २६ मोजूनच ओतलं. आता तो कुशीवर नाही, सरळ आहे. प्लास्टिकच्या पानावर टेकून बसतो आणि मी जवळ गेलो की डोळा फिरवून बघतो. मला तो बघणं आवडत नाहीये.
आता भाचीला सांगू का? की रविवारपर्यंत जमवू?

रिकामटेकडा
नका सांगू. निळा मासा शोधा.

हिरवी_पाने
असलं काही करू नका. ती ओळखेल. माणसं आपला फायटर शेपटीवरून ओळखतात.

जलपर्णी
आजच सांगा. स्पंज धुतलाय हे तिला कळलं नाही तर आल्या आल्या ती नेहमीसारखं आठवड्याने पाणी बदलेल, पुरेसे दाणे घालेल आणि अमोनिया पुन्हा चढेल. पुढचा महिनाभर ही टाकी नवीन आहे असं धरून चालायचंय. तिच्या ओळखीच्या कुणाची जुनी टाकी असेल तर तिथल्या स्पंजाचा तुकडा मागून फिल्टरमध्ये ठेवा, वस्ती लवकर बसेल. मात्र ती टाकी निरोगी हवी.

सोनेरी_शेपूट
माझ्याकडचा देऊ का? गोल्डफिशचा आहे पण.

उंबरठा (शनिवार, सकाळी ९:२०)
फोन केला. आधी रडली, मग विचारलं, "मामा, स्पंज धुतलास का?" हो म्हटल्यावर बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली एक दाणा देऊन बघ, मला व्हिडिओ पाठव.
टाकला. आला वर, तोंडात घेतला, थुंकला. माझ्या पोटात गोळा. मग खाली जाणाऱ्या दाण्याच्या मागे गेला आणि गिळला. दुसरा मागत होता, काचेशी येऊन येऊन. दिला नाही.
अमोनिया सकाळी ०.२५. पाव पाणी बदललंय. पुढचं काही विचारायचं असेल तर उद्यापासून भाचीच लिहील, तिला हा धागा पाठवलाय.

रिकामटेकडा
सगळा?

उंबरठा
पहिल्या पानापासून. शोधा म्हणणाऱ्यासकट.

नवशिका_०७
म्हणजे गोल भांडं नकोच का?