मदत हवी आहे: अपघात भरपाई, जपान आणि आपण

एलएलएमला आहे, जपानी विद्यार्थ्यांसोबत ऑनलाइन सेमिनार आहे, विषय लॉ अँड इकॉनॉमिक्स. जपानी कायदेतज्ज्ञ कावाशिमांनी १९६३ मध्ये लिहिलं की जपानी माणूस संस्कृतीमुळे कोर्टात जात नाही, अमेरिकी अभ्यासक हेलींनी १९७८ ला ते खोडून काढलं, आणि १९८९ ला रॅमसेयर-नाकाझातो हे अभ्यासक म्हणाले की अपघाताची भरपाई साधारण किती मिळेल हे आधीच कळतं म्हणून लोक बाहेरच मिटवतात. मला हेच पटतं, संस्कृती म्हटलं की सगळे गप्प बसतात राव.

पण आपल्याकडे पण सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालाने २००९ मध्ये मल्टिप्लायरचा (वयानुसार वार्षिक उत्पन्नाला कितीने गुणायचं) तक्ता दिला, २०१७ ला भरपाईवरचाच प्रणय सेठी निकाल आला, म्हणजे रकमेचा अंदाज येतो, तरी गर्दी मोटार अपघात ट्रिब्युनललाच (एमएसीटी). माझा अंदाज, वय आणि मल्टिप्लायर ठरलेलं असलं तरी उत्पन्नाचा पुरावा नसतो तिथेच भांडण लागतं.

लोक अदालतीचे आकडे बघितले, पण त्यात केस दाखल झाल्यावरचीच तडजोड बरीच दिसते. आरटीआयला वेळ नाही, जपानी वाचता येत नाही, इंग्रजी-मराठी चालेल.

एमएसीटीत काम करणाऱ्यांनी सांगा, मोटार वाहन कायद्याच्या कलम १४९ खाली विमा कंपनीची ऑफर आली की पक्षकार ती घेतात का, आणि नाही घेतली तर नेमकं कशावरून फिसकटतं?