आईच्या वर्षश्राद्धाला सुदानमधल्या मुलांसाठी मदत द्यायची आहे, कुठे द्यावी?

लीड्सची_माधवी
नमस्कार. पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध. ती ३१ वर्षं अंगणवाडी सेविका होती. तिच्या नावाने ५०० पौंड सुदानमधल्या लेकरांसाठी द्यायचं मनात आहे. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण सुदानच्या दारफुर भागातल्या अल फाशर शहराची. तिची बहीण तीन मुलांना घेऊन मजल दरमजल करत चाडला पोचली, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. गावी बाबा म्हणतात, एखाद्या मुलाचं पालकत्व घे, फोटो येतो, पत्र येतं. मुलांचे लहान झालेले चांगले कपडेही आहेत, ते पाठवता येतील का?

उमरगेकर
माधवीताई, कपडे मुळीच नकोत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी कॉलेजात होतो, मदतीला गेलो होतो. कपड्यांची गाठोडी रस्त्याकडेला पावसात भिजत पडलेली. नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या ती उसकायच्या, तर आत पँटी आणि स्वेटर. ते उचलायलाच आमची दहा पोरं गुंतली होती. पैसेच द्या.

पोषण_नंदुरबार
मी कुपोषणाचं काम करते. तुमच्या आईंनी मुलांचा दंडघेर मोजायची पट्टी नक्की हाताळली असेल. दंडघेर ११.५ सेंमीच्या खाली गेला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. दारफुरमध्येही हेच माप.

अशा मुलाला शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घालून केलेली पेस्ट देतात. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. शिजवायला नको, पाणी कालवायला नको, आणि मोठं कारण हेच आहे, कारण तिथे पाणीच खराब असतं. मुलाला भूक लागत असेल, दुसरा आजार नसेल, तर आई पाकिटं घरी नेते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत मूल सावरतं. जगातली बरीचशी पाकिटं युनिसेफ खरेदी करते, म्हणून माझं मत युनिसेफला. दवाखाने चालवणाऱ्यांत डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स. ऑगस्ट २०२४ मध्ये अल फाशरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथे होते.

अनुजा_मस्कत
बाबांच्या इच्छेबद्दल लिहिते. आम्ही इथिओपियातल्या एका मुलीचं पालकत्व नऊ वर्षं केलं. पत्रं यायची, तिने काढलेली कोंबडीची चित्रं यायची. पण पैसे तिच्या हातात जात नव्हते, गावच्या शाळेला आणि विहिरीला जायचे, आणि ते योग्यच होतं. जिथे माणसं एका जागी राहतात तिथे ही पद्धत चालते. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लढाई आहे, कुटुंबं पुन्हा पुन्हा उठतात. तिथल्या एका मुलाचा माग ठेवणं कठीण, आणि त्याचा फोटो फिरवणं धोक्याचं.

उमरगेकर
अनुजाताईंशी सहमत. एक अजून: पैसे देताना फार अटी घालू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने जानेवारी २००५ मध्येच लोकांना सांगितलं की त्सुनामीपुरते पैसे पुरे झाले, आता आम्हाला ते दुसरीकडे वापरू द्या. असं सांगणाऱ्या संस्थेवर माझा जास्त विश्वास बसतो.

बर्मिंगहॅम_काका
अगं माधवी, तू इथे ब्रिटनमध्ये कर भरतेस ना? मग देणगीच्या फॉर्मवर गिफ्ट एडची खूण कर, म्हणजे तू भरलेल्या करातला वाटा सरकार संस्थेला देतं. ५०० चे ६२५ होतात, तुझा एक पैसाही जास्त जात नाही. आधी चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, नोंदणीत संस्थेचं नाव शोध, हिशेब तिथेच बघायला मिळतात. आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून काही देऊ नकोस, फोटो कितीही पोटात कालवणारा असो. सुदानी तरुणांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात चालवलेली अन्नछत्रं फार मोलाची आहेत, पण त्यांना द्यायचं तर त्यांच्याशी आधीपासून जोडलेल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत दे.

लीड्सची_माधवी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना फोनवर दंडघेराचं वाचून दाखवलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, तिची पट्टी अजून कपाटात आहे, रंग उडालाय. पालकत्वाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

३०० पौंड युनिसेफला, २०० डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला देते. गिफ्ट एडची खूण दोन्हीकडे. काका, खातं माझं आणि नवऱ्याचं मिळून आहे, तर फॉर्मवर नाव एकाचंच घालायचं का?

बर्मिंगहॅम_काका
हो. जो कर भरतो आणि ज्याचे पैसे आहेत, त्याचंच. कपडे तुमच्या गल्लीतल्या चॅरिटी शॉपला दे, ते विकून त्याचे पैसे करतात.